घाटात थांबणारी लाल गाडी

हरिबाला आयुष्यात फार थोड्या माणसांचं कौतुक वाटलं. सैन्यात अठरा वर्षं ट्रक चालवून तो कडेगावला परतला, तेव्हा गाडीतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची खात्री होती. आणि ज्याला सगळं कळतं त्याला दुसऱ्याचं कौतुक करायला सवड कुठली? ही खात्री पन्नाशीपर्यंत शाबूत राहिली. मग त्याला साताऱ्याचा मौला मिस्त्री भेटला.

भेट घडवली ती एका गाडीनं. १९७३ च्या उन्हाळ्यात कडेगावच्या हंबीररावानं मुंबईहून एक लाल विलायती गाडी आणली. कुणी परदेशी साहेब देश सोडून निघाला होता, त्याची ती शर्यतीच्या घडणीची गाडी. दोनच माणसांची, कापडी छपराची, नाक लांब आणि अंग जमिनीला टेकलेलं. गावानं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा, हिच्यात बसायचं का झोपायचं, असा प्रश्न चावडीवर आठवडाभर चालला होता. हंबीरराव पंचवीस वर्षांचा, उसाच्या बागायतीतला, हौशी. गाडी त्यानं हौसेनं घेतली, पण सांभाळायला घरात तिच्या नाड्या जाणणारा कुणी नव्हता. म्हणून हरिबाला ठेवलं.

पहिल्याच महिन्यात कळलं की, गाडी दिसायला राणी असली तरी आतून दुखणाईत आहे. दिव्यांचा उजेड समईएवढा. इंजिन खोकायचं. कराडच्या दोन मिस्त्र्यांनी बॉनेट उघडलं आणि हात न लावता मिटलं. तिसऱ्यानं सांगितलं, साताऱ्याला पोवई नाक्यापाशी मौला शिकलगार आहे, त्याच्याकडं न्या; त्यानंही हात टेकले तर तिला अंगणात ठेवून तिच्यात तुळस लावा.

मौला मूळचा मिरजेचा. घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारींना धार लावणारं. तलवारी गेल्या तसे त्याचे चुलते सितारी बनवायला लागले. मौला मात्र सोळाव्या वर्षी एका ट्रकमागं निघून गेला तो मिस्त्री होऊनच थांबला. घराण्याचा कान त्याच्याकडंही आला होता, फक्त तो तारांऐवजी इंजिनाला लागला. पंचेचाळिशीचा, काटक, डोक्याला रुमाल बांधलेला हा माणूस गाडी आली की तिला लगेच हात लावायचा नाही. पालथ्या खोक्यावर बसून आधी चार प्रश्न विचारायचा. कवापास्नं? कुठं? कशी? आणि शेवटचा, त्याच्या आदी तुमी काय केलंसा? बहुतेक ड्रायव्हर शेवटच्या प्रश्नाला 'काय न्हाई' म्हणायचे. हरिबाही तेच म्हणाला.

मग बॉनेट उघडलं आणि पहिल्याच मिनिटाला हरिबाला चूक सापडली. बॅटरीचं अधिकचं टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं होतं. आयुष्यभर उणेचं टोक पत्र्याला बघत आलेल्या हरिबाला वाटलं, मुंबईत कुणीतरी घोळ घातलाय. तो पाना घेऊन टोकं बदलायला वाकला, तोच मौलानं त्याचं मनगट धरलं.

"थांब गड्या. तिच्या मुलखात हीच रीत आसंल. आदी तिला इचार, मग हात लाव."

गाडीला विचारायचं म्हणजे काय, ते हरिबा तासभर बघत राहिला. मौलानं बॅटरीपासून एकेक वायर बोटानं चाचपत पुढं नेली. डायनामोपर्यंत, काट्यांपर्यंत, दिव्यांपर्यंत. आंधळ्यानं ओळखीच्या माणसाचा चेहरा चाचपावा तसा. शेवटी तो म्हणाला की रीत उलटी आहे पण चूक नाही, आणि हरिबानं टोकं बदलली असती तर डायनामोचा धूर दिसला असता. हरिबानं पाना हळूच परत पेटीत ठेवला.

दिव्यांचं दुखणं मौलानं दुपारपर्यंत काढलं. वीज बॅटरीतून निघून बारीक, जुनाट वायरींतून स्विचापर्यंत यायची, तिथून परत पुढं जायची, आणि दिव्यापर्यंत पोचेतो दमून जायची. त्यानं बॅटरीपासून दिव्यांपर्यंत थेट जाड वायर टाकली आणि मध्ये ट्रकच्या हॉर्नचा रिले बसवला. "आता स्विच नुसता निरोप देणार, माल थेट जाणार," एवढंच तो म्हणाला. दिवे लावले तर समोरच्या भिंतीवरचा चुना भर दुपारी उजळून निघाला.

पण हरिबाची मान खरी तुकली ती कार्बुरेटरच्या वेळी. त्या गाडीला दोन कार्बुरेटर. दोघांनी सारखा श्वास घेतला तर इंजिन नीट चालणार. मौलानं हातभर रबरी नळी काढली, एक टोक कानात घातलं, दुसरं एका कार्बुरेटरच्या तोंडाशी धरलं, मग दुसऱ्याच्या. डावा जरा हावरा हाय, म्हणाला, आणि स्क्रू केसभर फिरवला. हरिबानं नळी मागून घेऊन स्वतः ऐकलं. त्याला दोन्हीकडं एकच सूं ऐकू आला. मौलानं आणखी दोनदा स्क्रू फिरवला आणि चालत्या इंजिनाच्या बॉनेटवर चहाचा काठोकाठ भरलेला पेला ठेवला. चहा थरथरला, पण थेंब सांडला नाही. हरिबा त्या पेल्याकडं बघतच राहिला. अठरा वर्षं आपण गाड्या नुसत्या हाकल्या, ऐकली एकही नाही, असं त्याला वाटलं, आणि असं वाटलेलं त्यानं परतीच्या वाटेवर हंबीररावाला सांगूनही टाकलं.

त्या उन्हाळ्यात गाडी कुठं कुठं गेली. पसरणीचा घाट चढून पाचगणीला तर चार वेळा गेली आणि एकदाही कुरकुरली नाही. पावसाळा संपला, खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, गाड्या पुजायच्या, ही सगळ्यांचीच रीत. पण हंबीररावाची आई अंबूबाई, जिला सगळे आक्का म्हणत, तिची गाडीची पूजा वेगळी होती. तिचा थोरला ज्योतिबा सैन्यात ट्रक चालवायचा. एकाहत्तरच्या डिसेंबरात सरहद्दीवर त्याच्या ट्रकसकट तो गेला. त्या सालच्या दसऱ्याला तो आघाडीवर होता. त्याच्या ट्रकला त्या दिवशी कुणी कुंकू लावलं नसेल म्हणूनच तो गेला, असं अंबूबाई म्हणायची. कुणी समजावलं तर ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच म्हणायची. त्यामुळं त्या नवमीला लाल गाडीला झेंडूची माळ चढली, नारळ फुटला, पुढं-मागं कुंकू लागलं. आणि तेव्हापासून तिच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर जाईनाशी झाली.

दसऱ्यानंतर हंबीररावाचं लग्न ठरलं. मुलगी पाचगणीची. साहजिकच गाडीच्या पाचगणीच्या खेपा वाढल्या. आणि इथंच माशी शिंकली.

गाडी साताऱ्यापर्यंत गात यायची, वाई ओलांडायची, घाटाला लागायची, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर धापा टाकत बंद पडायची. पेट्रोल ओढणारा तिचा पंप विजेवर चालायचा. सीटच्या मागून त्याची टकटक ऐकू यायची. ती टकटक रेंगाळायची, थांबायची. हरिबा उतरायचा, बघायचा, दहा मिनिटं थांबायचा. मग चावी फिरवली की गाडी काही झालंच नाही अशी चालू. पाचगणीला कधी एकदा थांबून पोचायची, कधी दोनदा. गावात एकच निदान झालं: दसऱ्याला सगळ्या गावानं बघितली, दृष्ट लागली. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची आली. दर खेपेला एक नवं लिंबू घाटात जाऊन बंद पडायला लागलं.

हरिबानं गाडी मौलाकडं आणली. मौलानं चार प्रश्न विचारले. कवापास्नं? दसऱ्यापास्नं. कुठं? घाटात. कशी? पंप दमतो. त्याच्या आदी काय केलंसा? काय न्हाई.

मौलानं पंप खोलला. आतले पॉइंट घासले, वायर बदलली, पंप बाकावर ठेवून बॅटरीवर चालवून बघितला. टकटक घड्याळासारखी. गाडी गेली आणि घाटात थांबली.

दुसऱ्या खेपेला त्यानं पंपाचा आतला पडदाच नवा घातला. एवीतेवी गाडी उघडली होती म्हणून पेट्रोलचा काटाही दुरुस्त केला. हा काटा गाडी घेतल्यापासून मेलेला होता. हरिबा त्याच्या बदली वेताची एक काडी बाळगायचा, चाकूनं खुणा केलेली. टाकीत बुडवून पेट्रोल किती ते बघायचा. विलायती गाडीत काडी घालणं मौलाला बघवत नव्हतं. टाकीतल्या तरंगत्या गोळ्याची गंजलेली वायर त्यानं बदलली. काटा जिवंत झाला. हरिबानं काडी घरी ठेवून दिली.

आणि ह्या खेपेला गाडी घाटात जी थांबली ती तासभर हललीच नाही. हंबीरराव होणाऱ्या सासऱ्याच्या घरी जेवणाला निघाला होता. तो वाळवंटात सोडल्यासारखा कठड्यावर बसून राहिला. वरून-खालून जाणारे एसटीतले लोक हात दाखवून हसत होते.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव स्वतः पोवई नाक्यावर आला. लग्नाला दहा दिवस राहिले होते. आई म्हणतीय, नवरदेव ह्या गाडीतनं जाणार नाही. वाटेत नवरदेवाला रस्त्यावर उतरावं लागणं म्हणजे अपशकुन, त्यानं सांगितलं. त्या वेळी शेडमध्ये आकाराम बसला होता. आकारामचे तीन ट्रक होते, तिन्ही मौलाकडंच यायचे, आणि त्याची जीभ त्याच्या ट्रकपेक्षा जास्त चालायची. त्यानं विचारलं, मिरजेचा कान विलायती दुखण्याला कमी पडला काय? चार ड्रायव्हर हसले.

मौलाला राग आला का नाही ते दिसलं नाही. त्यानं हात पुसले, हत्यारांच्या पेटीवर पंजा ठेवला आणि म्हणाला, "नवरदेव घाटात गाडीतनं उतरला, तर ह्या पेटीला कुलूप घालीन. पुन्हा पान्याला हात लावणार न्हाई."

मिस्त्री असं बोलला की ती दगडावरची रेघ. नाक्यावर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ते कळलं, आणि ते ऐकून अंबूबाईनंही गाडीला होकार दिला. हरिबाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पेटी मिटली तर मौलानं करायचं काय? त्याला दुसरं काहीच येत नव्हतं.

लग्नाला तीन दिवस असताना मौला स्वतः हरिबाच्या शेजारी बसून घाटाला निघाला. वाई मागं पडली, चढ लागला. मौला डोळे मिटून बसला होता. तिसऱ्या वळणावर टकटक रेंगाळली, चौथ्यावर इंजिन गेलं. हरिबानं ब्रेक ओढला आणि चाकाखाली दगड लावला. खाली कृष्णेचं पात्र उन्हात चमकत होतं. मौला उतरलाच नाही. सीटवर बसून त्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारायला घेतलं.

"आदी दहा मिनिटांत चालू व्हायची. मागल्या खेपेला तासभर न्हाई झाली. मदी काय बदललं?"

हरिबा म्हणाला की बदललं ते तुझ्याच हातनं; पंपाचा पडदा आणि पेट्रोलचा काटा.

"माझं ऱ्हाऊ दे. तुझं काय बदललं? बंद पडली की आदी तू काय करायचास?"

"काय न्हाई. काडी घालून पेट्रोल बघायचो, आन बसायचो."

"आन मागल्या खेपेला?"

"काटा चालू झाल्यावर काडी कशापायी घालू?"

मौलानं डोळे उघडले. तो हरिबाकडं बघत राहिला आणि मग एकदम हसायला लागला, स्वतःच्याच कपाळावर हात मारून. पेटीतनं त्यानं रबरी नळी काढली, गाडीच्या मागं गेला. पेट्रोलच्या टाकीचं झाकण तिथं बाहेरच होतं, गोल, चकचकीत पत्र्याचं. नळीचं एक टोक कानात, दुसरं झाकणाच्या कडेला लावून तो म्हणाला, "उघड. पर हळू."

हरिबानं झाकण किंचित फिरवलं. आणि तो आवाज नळीशिवाय त्यालाही ऐकू आला. सुस्स करत टाकीनं हवा आत ओढली, लांब, खोल. विहिरीत बुडी मारलेला माणूस वर आल्यावर घेतो तसा श्वास. त्यानं जाऊन चावी फिरवली, तर टकटक टकटक, आणि इंजिन पहिल्या फेऱ्यातच लागलं. तीन महिने चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती; बिचाऱ्या पंपाचा काही गुन्हा नव्हता.

मौलानं झाकण उलटसुलट करून बघितलं. वरती मधोमध कुंकवाचा जाड टिळा होता. नखानं त्याची कड उचकटली तर खाली मेण, आणि मेणाखाली सुई जाईल एवढं भोक. टाकीतलं पेट्रोल जाईल तशी त्या भोकातून हवा आत यायची. सपाट रस्त्यावर गाडी घोट घोट पिते, तेव्हा मेणाच्या कडेनं जेमतेम झिरपणारी हवा पुरायची. घाटात ती घटाघटा प्यायला लागली की हवा कमी पडायची, टाकी आवळून धरायची आणि पंप कितीही ओढला तरी थेंब सोडायची नाही. हरिबा काडीसाठी झाकण काढायचा, आणि त्याला न कळत गाडी बरी करायचा.

हे कुणी लावलं, असं मौलानं विचारल्यावर हरिबा अभिमानानं सांगायला लागला. आक्कांनीच. नुसतं कुंकू वाऱ्यानं उडून जातं म्हणून आधी मेण, मग कुंकू. सकाळी स्वतःच्या कपाळाला लावून झालं की तीच डबी घेऊन बाहेर येतात. त्या झाकणाच्या मधला खळगा त्यांना कपाळासारखा दिसतो. सांगता सांगता हरिबाची जीभ जड झाली. गाडीला काय केलंत, असं मौलानं दर वेळी विचारलं होतं आणि त्यानं दर वेळी 'काय न्हाई' सांगितलं होतं. कुंकू लावणं म्हणजे गाडीला काही करणं, हे त्याच्याच काय, साऱ्या कडेगावात कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

मग तो म्हणाला, सोपं आहे, मेण खरवडून काढू आणि आक्कांना सांगू की इथं लावू नका. ज्योतिबाची गोष्ट मौलानं उडत उडत ऐकली होती. ती त्यानं हरिबाला नीट सांगायला लावली. ऐकून झाल्यावर तो झाकण हातात घेऊन कठड्यावर बसला.

"कुकू लावलं न्हाई म्हणून एक ल्योक गेला, असं ती माउली म्हणती," तो शेवटी म्हणाला. "आता, लावलं म्हणून दुसऱ्याची गाडी घाटात बंद पडली, असं तू तिला जाऊन सांगणार व्हय?"

मौलानं उचकटलेलं मेण अंगठ्यानं दाबून होतं तसं बसवलं आणि हरिबाकडून शब्द घेतला की हे घाटातच राहील.

दुसरा सगळा दिवस त्यानं टाकीवर घालवला. टाकी काढली, तीनदा धुतली, मग काठोकाठ पाण्यानं भरली. रिकाम्या टाकीत पेट्रोलचा वास जरी राहिला तरी विस्तवाजवळ ती बॉम्ब होते. झाकणाच्या खालच्या गळ्याला त्यानं बारीक भोक पाडलं आणि काडीएवढी तांब्याची नळी कथलानं झाळून बसवली, वर नेऊन पुन्हा खाली वाकवलेली, म्हणजे पाणी-धूळ आत जायला नको. झाळ देताना हरिबा वीस हात लांब उभा होता. मौलाचा हात हलत नव्हता. काम झाल्यावर त्यानं नळीतून फुंकर घातली, कान लावला, मान हलवली. आता आक्कांनी झाकणावर मेणाचा डोंगर उभा केला तरी गाडी श्वास घेणार होती.

लग्नाच्या सकाळी अंबूबाईनं तसंच केलं. मेण लावलं, कुंकू लावलं, जरा जास्तच लावलं. वऱ्हाडाची बस मागं, आकारामचा ट्रक त्याच्या मागं, आणि पुढं लाल गाडीत हरिबा आणि मुंडावळ्या बांधलेला हंबीरराव. मौला ट्रकमध्ये बसला होता. तिसरं वळण गेलं. चौथं गेलं. हरिबाचं हँडल घामानं निसरडं झालं होतं. पंप टकटकत राहिला, इंजिन एका सुरात चढत राहिलं, आणि पाचगणीचं पहिलं घर दिसलं तेव्हा हरिबाच्या डोळ्यांतनं पाणी आलं. ते वाऱ्यानं आलं, असं त्यानं हंबीररावाला सांगितलं.

मांडवाच्या दारात आकारामनं सगळ्यांदेखत मौलाला गाठलं. घोडं कुठं पेंड खात होतं ते तरी सांग, म्हणाला. वऱ्हाड गोळा झालं. ओवाळणीचं ताट हातात घेऊन अंबूबाईसुद्धा ऐकायला थांबली.

मौलानं तिच्या कपाळाकडं एकदा बघितलं आणि खाली मान घातली. "पंपाची वायर. माझ्याच हातनं ढिली ऱ्हायली हुती."

आकारामच्या हसण्यानं मांडव हलला. तीन महिने नवरदेव घाटात ताटकळला तो तुझ्या ढिल्या वायरीपायी होय, असं त्यानं विचारलं, आणि मौला व्हय म्हणाला. हरिबानं तोंड उघडलं होतं. मौलानं त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि हरिबानं ते मिटलं.

पेटीला कुलूप लागलं नाही, पण नाव गेलं. मिस्त्रीची वायर ढिली राहते, ही बातमी साताऱ्यापासून शिरवळपर्यंत एका महिन्यात पोचली. आकारामचे तिन्ही ट्रक समोरच्या शेडमध्ये जायला लागले. येणारा-जाणारा हाक मारायचा, मिस्त्री, वायर घट्ट केली का? मौला हसायचा. त्याची बायको जरिना मात्र हसायची नाही; नवऱ्याच्या हातून वायर ढिली राहत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं. हरिबाचा जीव तुटायचा. साताऱ्याला गेला की तो म्हणायचा, मला शब्दातनं मोकळं कर. मौला त्याच्यासाठी चहा मागवायचा आणि दुसरंच काही बोलायचा. इतका मोठा माणूस इतक्या लहान शेडमध्ये कसा मावतो, ह्याचं हरिबाला नवल वाटायचं.

वर्ष फिरलं. दसरा चार दिवसांवर आला, तेव्हा अंबूबाई पडवीत शेंगतेलाचा नवा डबा फोडत होती. हरिबा पायरीवर बसून गाडीचं फडकं धूत होता. तिनं खिळा ठेवून दगडानं एक भोक पाडलं, डबा कलता केला. तेल भसकन आलं, गुळगुळलं आणि थांबलं. कुठल्याही बाईचा हात अशा वेळी आपोआप दुसऱ्या भोकाकडं जातो. एका बाजूनं हवा गेल्याशिवाय दुसऱ्या बाजूनं तेल येत नाही. तिचाही गेला. खिळा ठेवला, दगड उचलला, आणि तो तसाच हातात राहिला.

ती उठून गाडीपाशी गेली. अंबाड्यातला आकडा काढून तिनं झाकणावरचं मेण खरवडलं. भोक दिसलं. मग तिनं झाकणाखालच्या तांब्याच्या नळीवर बोट ठेवलं.

"हे दुसरं भोक कवा पाडलं?"

हरिबाला खोटं बोलता आलं नाही. "लग्नाच्या आदी दोन दिस."

"आन वायर?"

"वायर कवाच ढिली नव्हती, आक्का."

अंबूबाई पायरीवर बसली. डबा कलंडून तेलाचा ओघळ अंगणापर्यंत गेला, तरी तिला दिसला नाही.

खंडेनवमीला ती त्या लाल गाडीत पहिल्यांदा बसली आणि साताऱ्याला आली. नाक्यावर त्या दिवशी कुणी पान्याला हात लावत नाही. मौलानं हत्यारं घासूनपुसून घोंगडीवर मांडली होती. दर वर्षी शेजारचा पानवाला येऊन नारळ फोडायचा. समोरच्या शेडपुढं आकारामचे ट्रक माळा घालून उभे होते. अंबूबाई गाडीतनं उतरली ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"आकाराम, हिकडं ये," ती म्हणाली. "वायर ढिली नव्हती. माझं मेण हुतं. मी झाकणाचं भोक बुजवलं, आन ह्या माणसानं माझ्यापायी सोताच्या नावाला डाग लावून घेतला. समद्यांनी ऐका."

सगळ्यांनी ऐकलं. आकारामनं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. जरिना शेडच्या दारात आली होती, तिनं पदर डोळ्यांना लावला.

अंबूबाई मौलाकडं वळली. मला का सांगितलं नाहीस, मी काय मरणार होते, असं तिनं जरा रागानंच विचारलं.

"तुमी लावायचंच सोडलं असतं, आक्का," मौला म्हणाला.

तिनं कमरेची पिशवी सोडून मेणाची डबी काढली आणि गाडीच्या मागं गेली. सगळ्यांदेखत तिनं झाकणावरच्या भोकाच्या खालच्या अंगाला मेणाची बारीक चंद्रकोर काढली, तिच्यात कुंकू भरलं. भोक मोकळं राहिलं. हरिबाला तिनं गाडी चालू करायला लावली, मौलाला नळी आणायला लावली. मौलानं तांब्याच्या नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं, रबरी नळी भोकाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं.

"जातीया हवा," तो म्हणाला.

अंबूबाईनं मान हलवली. डबी घेऊन ती घोंगडीपाशी गेली, मांडलेल्या हत्यारांसमोर बसली आणि मेणाचं बोट तसंच वर धरून मौलाची वाट बघत राहिली.

"आता एकेक हातात दे," ती म्हणाली. "आन कुठं कुठं भोक हाय, ते आदी सांग."

मौलानं पहिला पाना उचलून तिच्या हातात दिला. त्याच्यामागोमाग आकाराम पुढं झाला आणि घोंगडीच्या कडेला बसून दुसरा पाना फडक्यानं पुसायला लागला.